दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणि उजव्या हाताची नखं

पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या वॉटर पेपरबद्दल लिहितेय, तेही क्लासिकल गिटार वाजवणाऱ्यांसाठी. गाड्यांच्या रंगकामाला लागतो तोच हा काळपट करडा घासायचा कागद; नंबर जितका मोठा तितका तो बारीक. तीन महिने रोज वापरल्यावर सांगते, माझ्या उजव्या हाताच्या आवाजात एवढा फरक कुठल्याही महागड्या तारांनी पडला नव्हता.

गेल्या पावसाळ्यापासून मी ट्रेमोलो घोटत होते. अंगठ्याने खालचा सूर, मग पहिल्या तारेवर लागोपाठ अनामिका, मधलं बोट, तर्जनी. त्या तीन सुरांतला मधला सूर दर वेळी बारीक 'टिक' करून यायचा. बोट कच्चं आहे असं धरून मी मेट्रोनोम साठवर लावून चार महिने घासले. टिक काही जाईना. शेवटी गिटारच्या सरांनी माझ्याकडून एक जुनी, काढून टाकलेली तार मागून घेतली आणि ताणून धरून एकेका नखाच्या कडेखालून ओढली. तर्जनीवरून तेल लावल्यासारखी गेली. मधल्या बोटावर, अंगठ्याकडच्या कोपऱ्यात, अडकली. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. "बोटाला कशाला दोष देताय? नख बघा," एवढंच म्हणाले.

तार आधी बोटाच्या मांसाला टेकते, तिथून नखाच्या कडेवर चढते आणि उतारावरून सुटते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, म्हणून आपल्याला एकच आघात ऐकू येतो. त्या उतारावर खाच असेल तर तार मध्येच थबकते, झटक्याने सुटते, आणि आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. अपोयान्दो म्हणजे छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर विसावतं तो आघात; त्यात वजन मागे असतं, त्यामुळे खाच थोडी झाकली जाते. तिरान्दोत, म्हणजे बोट शेजारच्या तारेला न टेकता सुटतं तेव्हा, आणि ट्रेमोलोत ती उघडी पडते. नख ठेवावं की नाही हा वाद तर एकोणिसाव्या शतकापासूनचा. पॅरिसमध्ये स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोर नखांशिवाय वाजवायचा, त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी. मी आग्वादोच्या बाजूची. पण नख ठेवायचं तर ते काचेसारखं गुळगुळीत हवं. आपल्याकडे सरोदिये डाव्या हाताची नखं अशीच जपतात.

तर बोहरी आळी. काउंटरवरच्या काकांनी "गाडीला हवाय का?" विचारलं. नखांसाठी म्हटल्यावर त्यांनी माझी बोटं नीट पाहिली आणि स्वतःहून दोन हजार नंबरचा कागद काढला. "याच्यावर आता पॉलिशच," म्हणाले. चारशे, हजार आणि दोन हजार अशी तीन शीटं साठ रुपयांना आली. सुटं एक शीट द्यायला कुरकुर नाही, बोट फिरवून बघू देतात. पार्किंग मात्र विसरा, लांब गाडी लावून चालत जा.

चारशेचा कागद घेऊ नका. पहिल्याच दिवशी त्याने माझं मधलं नख पार खाली नेलं. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे गेलेला मिलिमीटर परत यायला दहा दिवस. त्या दहा दिवसांत तीन बोटांची उंची जुळेना, हाताचा कोनच बदलला. आकार देण्यासाठी मी काचेची कानस वापरते. नेलकटरला असते ती लोखंडी कानस नको, तिने नखाच्या कडेचे पापुद्रे सुटतात.

हजाराने कड सारखी करायची, मग दोन हजार. माझी पद्धत अशी: बोटभर रुंदीची पट्टी कापायची, खरखरीत बाजू वर ठेवून तिसऱ्या तारेवर खोगिरासारखी घालायची, डाव्या हाताने धरायची आणि त्यावरच हळूहळू वाजवायचं. तर्जनी, मधलं, अनामिका, प्रत्येकी पंधरा-वीस वेळा. तार ज्या वाटेने नखावरून जाते, नेमकी तीच वाट घासली जाते. हातात धरून घासताना कोन चुकतो, इथे चुकायला जागा नाही. अंगठ्याला ही युक्ती मला अजून साधलेली नाही. त्याचं नख वेगळ्या दिशेने तारेला भिडतं, ते हातानेच करते.

कागद कोरडाच वापरा, नाव वॉटर पेपर असलं तरी. आणि भांडी घासून उठल्यावर लगेच नको, तेव्हा नख मऊ असतं आणि कड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी पिंजते. अर्धा तास जाऊ द्या. काळी भुकटी बोटांना लागते, हात पुसल्याशिवाय गिटारच्या पुढच्या फळीला लावू नका. पट्टी आठवडाभर चालते, मग बोथट होते. एका शीटच्या ढीगभर पट्ट्या निघतात, त्यामुळे परवडतं.

दोन हजाराने असं घासायला लागल्यावर ती टिक तिसऱ्या दिवशी गेली. मुलगा आतल्या खोलीतून ओरडला, "आई, आज वेगळी तार लावलीस का?" तार तीच होती, जून महिन्यातली. आता केसमध्ये दोन हजाराच्या चार पट्ट्या आणि सरांनी ओढून दाखवलेली ती जुनी तार गुंडाळून ठेवलेली असते. वाजवायला बसण्याआधी प्रत्येक नखाखालून ती एकदा ओढून बघते.