हिडकलच्या खोल पाण्यासाठी फिश फाइंडर: फेकायचा घ्यावा की नावेला बांधायचा?

पावसाळा सरला की घटप्रभेवरचा, बेळगाव जिल्ह्यातला हिडकल डॅम तुडुंब भरलेला असतो. काठावर गळ टाकून बसलं तर बोटभर चिलापीच लागत राहते. मोठा मासा बुडालेल्या नदीपात्राच्या कडेला, आठ-दहा मीटर खाली थव्यानं उभा असतो आणि वरून त्याचा काहीच पत्ता लागत नाही. हे पाणी डोळ्यांना दिसावं म्हणून फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र, घ्यायचा असेल तर दोन जातींमधून निवड करावी लागते. एक फेकायचा चेंडू: तो दोरीला बांधून पाण्यात टाकायचा आणि चित्र मोबाईलवर बघायचं. दुसरा नावेला बांधायचा: त्याला स्वतःचा पडदा, पाण्यात बुडणारा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग) आणि १२ व्होल्टची बॅटरी. पहिल्या जातीतला डीपर प्रो प्लस २ आणि दुसऱ्यातला गार्मिन स्ट्रायकर ४ हे दोन आपल्या धरणांसाठी कसे आहेत, ते इथे पाहू.

आमचं मत आधीच सांगतो. नाव किंवा तेप्पा (टोपलीसारखी गोल नाव) हाताशी असेल तर स्ट्रायकर ४ घ्या. तो स्वस्तही पडतो. फक्त काठावरूनच मासेमारी होणार असेल तर डीपर घ्या, कारण दुसरा पर्याय उपयोगाचाच नाही. मात्र दोन्ही यंत्रं खोली, तळ आणि थव्याची पातळी एवढंच सांगतात. गळ नेमका त्या पातळीवर नेऊन ठेवायचं काम उरतंच, आणि मासा हुकतो तो बहुतेक वेळा तिथेच.

या यंत्रांचे व्हिडिओ बघून घेणार असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. ते बहुतेक अमेरिकेतल्या तलावांवरचे, लार्जमाउथ बास या माशाचे असतात. उन्हाळ्यात बास खोल पाण्यात थवा करून राहतो. बुडालेल्या ओढ्याची कड, पाण्यात शिरलेलं टेकाडाचं नाक, बुडालेला रस्ता अशा जागी शॅड नावाच्या छोट्या माशांच्या मागावर तो असतो. थव्यातल्या एकानं आमिषावर झडप घातली की बाकीचेही चेकाळतात. म्हणून ते लोक पडद्यावर थवा दिसला की त्याच्या डोक्यावर धातूचा चमचा (चमच्याच्या आकाराचं नकली आमिष) सोडतात आणि चार-पाच मासे ओळीनं काढतात. आपल्याकडे जागा शोधायची रीत तीच चालते. घटप्रभेचं जुनं पात्र, बुडालेले बांध, वाटा, पडक्या भिंती इथेच मासा धरून राहतो. पण पडद्यावरचा थवा कटल्याचा असेल तर चमचा दिवसभर नाचवून उपयोग नाही, कारण कटला पाण्यातलं सूक्ष्म प्लवक गाळून खातो. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी चिखल चिवडतो. शिकार करणारे म्हणजे शिवडा आणि शिंघाळा. ते छोट्या माशांच्या थव्याच्या खालच्या अंगाला असतात. पडदा माशाचं नाव सांगत नाही. मासा पडद्यावर कमानीसारखा उमटतो; ती कमान कुठल्या थरात आहे आणि तिच्याभोवती काय आहे, यावरून अंदाज बांधावा लागतो.

आता डीपरबद्दल. चेंडूचं वजन ९० ग्रॅम, आत जीपीएस, मोबाईलशी जोडणी स्वतःच्या वाय-फायनं. त्यामुळे मोबाईलचं नेटवर्क नसलेल्या काठावरही तो चालतो. आवाजाचे तीन झोत आहेत: ४७, २० आणि ७ अंशांचे. हे आकडे नुसते वाचून सोडून देऊ नका, यंत्राचा खरा उपयोग यातच आहे. दहा मीटर खोलीवर ४७ अंशांचा झोत तळाचं सुमारे पावणेनऊ मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो, २० अंशांचा साडेतीन मीटरचं, ७ अंशांचा सव्वा मीटरचं. पडदा मात्र हे सगळं एकाच उभ्या रेघेत दाखवतो. रुंद झोतात दिसलेला मासा चेंडूच्या बरोबर खाली असेल किंवा चार मीटर बाजूलाही असेल. म्हणून आधी रुंद झोतानं पाणी चाळायचं, काही दिसलं की अरुंद झोतावर येऊन तीच जागा पुन्हा ओढायची. अरुंद झोतातही मासा दिसला तर तो खरोखर खाली आहे.

रुंद झोताचा दुसरा घोटाळा तळाशी होतो. यंत्र सरळ खोली मोजत नाही, आवाज जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतं. दहा मीटर पाण्यात ४७ अंशांच्या झोताच्या कडेचं तिरकं अंतर जवळजवळ अकरा मीटर भरतं. म्हणजे झोताच्या कडेला, तळापासून हातभर वर असलेला मासा तळाच्या जाड रेघेतच गडप होतो. मृगळ आणि शिंघाळा बघायचा असेल तर ७ अंशांशिवाय इलाज नाही. तिथे हा फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा आहे. उतारावर सगळेच झोत थोडं फसवतात. आधी उताराच्या वरच्या अंगाचा प्रतिध्वनी येतो आणि खालच्या अंगाचे मासे त्याच्या आड जातात. पात्राची कड म्हणूनच काटकोनात ओलांडून आणि मग कडेच्या समांतर, अशी दोनदा तपासावी.

डीपरची खरी अडचण फेकण्यात आहे. १० ते ३० ग्रॅम वजन फेकायला केलेल्या रॉडनं ९० ग्रॅमचा चेंडू फेकला की टोक मोडतं, नाहीतर दोरी तुटून चेंडू धरणाला अर्पण होतो. त्यासाठी वेगळा दणकट रॉड आणि ४०-५० पौंडांची ब्रेडेड (विणलेली) दोरी ठेवा, टोकाला चांगला स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) लावा, आणि झटका न देता झोका देऊन फेका. ओढताना रीळ सावकाश फिरवा. वेगानं ओढलं की चेंडू तिरका होतो आणि माशांच्या कमानींच्या जागी नुसते ठिपके दिसतात. वारा सुटून लाटा आल्या तरी तेच होतं. वाय-फाय पाण्यातून जात नाही. मोबाईल खिशात किंवा काठाच्या दगडाआड ठेवला की चित्र तुटतं. तो छातीच्या उंचीवर, चेंडू दिसेल असा धरा. मोबाईल चेंडूच्या वाय-फायला जोडलेला असताना त्याचं इंटरनेट बंद पडल्यासारखं वाटेल; नकाशे घरूनच उतरवून आणा.

स्ट्रायकर ४ चा पडदा साडेतीन इंचांचा आहे. भर उन्हात मोबाईलपेक्षा तो कितीतरी बरा दिसतो. ट्रान्सड्यूसर ७७ आणि २०० किलोहर्ट्झवर चालतो. आपल्या धरणांच्या खोलीला २०० पुरतो आणि चित्रही बारीक देतो. ७७ चा झोत रुंद, तो नुसता धांडोळा घेण्यापुरता. नकाशा नाही, पण जीपीएस आहे आणि ५००० खुणा साठवता येतात. यंत्र चालतं ते जेमतेम पाव अँपिअरवर. यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरली तरी दिवस आरामात निघतो. तारेतला फ्यूज काढून थेट जोडणी करू नका.

जोडणी मात्र घरची लागते, कारण सोबतचे क्लॅम्प फायबरच्या नावेच्या सपाट मागच्या बाजूसाठी केलेले असतात. आपल्याकडचा गोल तेप्पा त्यात बसत नाही, शिवाय तो स्वतःभोवती फिरतो. बांबू किंवा पीव्हीसी पाइप तेप्प्याच्या काठाला दोन ठिकाणी दोरीनं आवळा. खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर वीतभर पाण्यात राहील आणि त्याचं तोंड सरळ खाली असेल असा बांधा. थोडा कलला तरी खोली जास्त दाखवतो आणि मासा भलत्या बाजूला दिसतो. त्याच्या पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे अडकले की पडदा ठिपक्यांनी भरतो. पाण्यात टाकल्यावर एकदा बोट फिरवून पुसा. गोल तेप्पा थांबवायला एक दगड पुरत नाही. दोन बाजूंना दोन दगड सोडले तरच तो फिरायचा थांबतो आणि गळ झोतात राहतो.

दोन्ही यंत्रांत सर्वांत आधी माशाची चित्रं दाखवणारी सोय बंद करा. बुडालेली फांदी, बुडबुडे, जाळ्याचं शिसं यांनाही यंत्र मासा ठरवतं. कच्चं चित्र वाचायची सवय दोन दिवसांत होते. कमान तेव्हाच उमटते जेव्हा मासा किंवा नाव हलते. दोन्ही स्थिर असतील तर माशाची लांबलचक आडवी रेघ येते, आणि ती मोठ्या माशाची समजून लोक फसतात. झाडाचं खोड तळाला चिकटलेलं दिसतं, थवा तळापासून सुटा असतो. तरी शंका असेल तर तीच जागा दहा मिनिटांनी पुन्हा ओलांडा. झाड तिथेच असेल, थवा सरकलेला असेल. तळाची रेघ जाड आणि तिच्या दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघ असेल तर खाली खडक आहे, बारीक रेघ असेल तर गाळ. संवेदनशीलता स्वयंचलित न ठेवता हातानं वाढवत न्या. उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना कधी कधी मधोमध एक धुरकट आडवा पट्टा उमटतो. वरचं कोमट आणि खालचं गार पाणी तिथे वेगळं होतं. त्याखाली प्राणवायू कमी असतो, म्हणून गळ पट्ट्याच्या वरच ठेवा, खाली कितीही खोल पाणी असलं तरी.

थवा सापडल्यावर पातळी साधायची. शिवडा, शिंघाळ्यासाठी १४ ते २८ ग्रॅमचा धातूचा चमचा सरळ खाली सोडा, किंवा दोरीच्या टोकाला शिसं आणि त्याच्या वीत-दीड वीत वर गळ अशी जुळणी करा. खोली मोजायला दर दहा मीटरला रंग बदलणारी ब्रेडेड दोरी सर्वांत सोपी. ती नसेल तर माहीत असलेल्या खोलीवर चमचा सोडून तळाला टेकेपर्यंत अंक मोजा. दहा मीटरला दहा अंक लागले तर सात मीटरवरच्या थव्यासाठी सात. मासा वर बघून खातो, म्हणून आमिष थव्याच्या हातभर वर थांबवा, खाली गेलं की त्याला ते दिसतच नाही. नाव स्थिर आणि झोत अरुंद असेल तर चमचा पडद्यावर रेघ होऊन उतरताना दिसतो. ती रेघ नाहीशी झाली म्हणजे वाऱ्यानं दोरी तिरकी झाली, शिसं वाढवा.

रोहू-कटल्यासाठी सरकता फ्लोट लागतो. रॉडच्या लांबीपेक्षा खोल आमिष ठेवायचं तर फ्लोट दोरीवर बांधून चालत नाही, फेकताच येत नाही. दोरीवर हव्या खोलीला धाग्याची गाठ मारा, तिच्याखाली छोटा मणी आणि मग मोकळा सरकणारा फ्लोट ओवा. गाठ रिळात गुंडाळली जाते आणि पाण्यात गेल्यावर फ्लोट तिथेच अडतो. आमिष शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा, त्यात थोडी कणीक. तो पाण्यात हळूहळू विरघळला पाहिजे. कडक झाला तर कटला फिरकत नाही, सैल झाला तर अर्ध्या वाटेतच सुटतो. घट्टपणा काठावर बादलीत टाकून तपासा.

चिलापी खोलातून पटकन वर ओढली की तिचं पोट फुगतं, डोळे बाहेर येतात. तिच्या हवेच्या पिशवीला घशाशी वाट नसते, बासचंही तसंच. अशी चिलापी सोडून जगत नाही, ती घरी न्या. रोहू-कटल्याला ती वाट असते, हवा निघून जाते. खडस, म्हणजे महाशीर लागला तर मात्र पाण्याबाहेर न काढताच सोडा.

कुठल्याही यंत्राआधी करायचं एक काम फुकटचं आहे. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट. एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरतं, हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, तेव्हा उघड्या पात्रात फिरून खोडं, विहिरी, बांध, खडकाळ कडा यांच्या खुणा मोबाईलवर साठवा. त्या दिवशीची धरणाची पातळी लिहून ठेवा. समजा पाणी २१०० फुटांवर आहे आणि खूण पाण्याच्या काठावर आहे, तर धरण भरल्यावर ती जागा ७५ फूट, म्हणजे जवळपास २३ मीटर खाली जाणार. याच खुणा स्ट्रायकरमध्ये भरल्या की दिवाळीनंतर शोधाशोध निम्म्यानं कमी होते. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थावर, मलप्रभेच्या धरणातही हीच रीत. तिथली पूर्ण पातळी २०७९.५० फूट.

परवान्याचं विसरू नका. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय खातं परवान्यानं किंवा ठेक्यानं देतं. ज्या सोसायटीकडे ठेका असेल तिला विचारल्याशिवाय तेप्पा पाण्यात घालू नका. भिंतीजवळ आणि दारांसमोर जाऊ नका. पडद्यावर अधांतरी सरळ रेघ दिसली आणि वर बाटल्यांची रांग तरंगत असेल तर ते कोणाचं तरी जाळं आहे, गळ तिथून लांब ठेवा. लाइफ जॅकेट अंगात हवं, तेप्प्यात पडलेलं उपयोगाचं नाही.

एक शेवटची गोष्ट डीपर घेणाऱ्यांसाठी. त्याला चालू-बंदचं बटण नसतं. धातूच्या टोकांना पाणी लागलं की तो आपोआप सुरू होतो. ओलाच पिशवीत टाकला तर घरी पोहोचेपर्यंत चालूच राहतो आणि दुसऱ्या सकाळी बॅटरी रिकामी मिळते. काठावरून निघण्याआधी ती टोकं कोरड्या फडक्यानं पुसा आणि पिशवीत ओलं फडकं सोबत ठेवू नका.