एसीचं पाणी: बाहेरच्या पायपात की बाथरूमच्या लाईनीत?

रत्नागिरीत फ्लॅट घेतलेल्या मावसबहिणीचा प्रश्न: बेडरूमच्या स्प्लिट एसीचं पाणी वेगळ्या पायपाने खाली सोडू, की बाथरूमच्या ड्रेनेजला जोडू? आपल्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो.

खर्चात बाथरूम जिंकतं, भिंत लागून असेल तर. बाहेर तीन मजले पीव्हीसी आणि दोरीवर लटकणारा माणूस. क्लॅम्पही साधे लोखंडी नकोत, खाऱ्या वाऱ्यात गंजतात.

खरी गोम वासाची. ड्रेनेजला थेट जोडलं तर मध्ये यू-ट्रॅप, म्हणजे पायपाचं यू आकाराचं वळण, हवाच. त्यात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. पण एसी महिनोन्महिने बंद राहिला की ते आटतं, आणि वास थेट उशाशी! त्यापेक्षा पाईप न्हाणीच्या जाळीच्या दोन बोटं वर सोडावा. खालचा ट्रॅप रोजच्या अंघोळीने भरलेला राहतो.

बाहेर मोकळा सोडलेल्या पायपाला सहसा ट्रॅप लागत नाही. उलट ट्रॅप लावला तर त्यात बुळबुळीत गाळ साचतो. फक्त टोक बादलीतल्या पाण्यात बुडवू नका. हवा अडून पाणी भिंतीवरून ओघळतं. मीटरमागे सेंटीमीटरभर उतार दोन्हीकडे हवाच.

रोज वापरातलं बाथरूम शेजारी असेल तर जाळीवर सोडा. मुंबईकरांचं, मे महिन्यात आणि गणपतीतच उघडणारं घर असेल तर बाहेरचाच पाईप.