मातीची कुंडी, प्लास्टिकची की ग्रो बॅग?

कुंडी निवडताना लोक आधी झाड बघतात. मी म्हणेन, आधी स्वतःचा हात बघा. झाड दिसलं की ओत पाणी, असा स्वभाव असेल तर मातीची कुंडी घ्या. चार-चार दिवस झाडांची आठवणच होत नसेल तर प्लास्टिकची.

भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. कुंडीच्या अंगातून ओल बाहेर येते, उडून जाते, मुळांना गारवा मिळतो. जास्त झालेलं पाणी कुंडीच थोडंफार निस्तरते. कोरफड, अडेनियम, स्नेक प्लांट ही पटकन कुजणारी मंडळी इथे सुखात राहतात. बाहेरून पांढरे डाग उमटले तर ते पाण्यातले नि खतातले क्षार, ब्रशने घासायचे. फक्त कोरी कुंडी तशीच भरू नका. मी भरली होती. सकाळी घातलेलं पाणी कुंडीनेच पिऊन टाकलं आणि दुपारी रोपाने मान टाकली. आता नवी कुंडी आधी बादलीत बुडवते, बुडबुडे थांबेपर्यंत.

प्लास्टिकमध्ये ओल टिकते. नेचे, पीस लिली यांना ते मानवतं. पण काळ्या कुंडीवर दुपारचं ऊन थेट पडलं तर कडेची मुळं भाजतात, आणि काही वर्षं उन्हात राहिलेली कुंडी उचलायला गेलं की काठ हातात येतो. टांगायची असेल तर मात्र प्लास्टिकच. 12 इंची मातीची कुंडी ओल्या मातीसकट 20 किलोच्या घरात जाते.

कापडी ग्रो बॅगेत मुळाचं टोक कडेला हवेपर्यंत पोचलं की सुकतं आणि मागे नवे फाटे फुटतात. प्लास्टिकच्या कुंडीत तेच मूळ गोल गोल फिरत बसतं. टोमॅटो-मिरचीला बॅग छान. पण कडक उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागते, विसराळू माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

तिन्हींसाठी एक सल्ला हमखास मिळतो: तळाशी खड्यांचा थर द्या. देऊ नका. बारीक मातीतलं पाणी भरड खड्यांत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

मातीची आवडते, पण पाणी विसरता? रोप प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती मातीच्या मोठ्या कुंडीत बसवा. बाहेरच्या कुंडीलाही भोक हवं, नाहीतर आत पाणी साचून डासांची सोय होते.