मेघदूत, दामिनी, रेडिओ की गावचा ग्रुप: गारपिटीच्या दिवसात घरी काय ठेवायचं

फाल्गुन लागला की आमच्याकडे हरभरा सोंगून गंजी लागलेली असते, गहू वावरात उभा असतो, आन् दुपारी तीन वाजले की आभाळ कधी भरून येईल याचा नेम नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं पाहिली त्याला हे सांगायला नको. आर्णीकडच्या मामेभावानं परवा विचारलं, दादा एकच सांग, गारांचा इशारा कळायला बाबांच्या फोनमध्ये काय टाकू, म्हणून हे लिहून राहिलो.

पहिले एक समजून घ्या, हे सगळे एकच काम करत नाहीत.

मेघदूत हे सरकारी हवामान ॲप म्हणजे चार-पाच दिवस आधीचा हिशोब आहे. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आन् दर मंगळवारी, शुक्रवारी जिल्ह्याचा शेतीसल्ला, तोही मराठीत. मळणी उद्या करायची की थांबायचं, मजूर सांगायचे की नाही, ताडपत्री आणून ठेवायची का, यासाठी माझ्या मते यापेक्षा चांगलं काही नाही. पण त्याच दिवशी दुपारी ढग आला तर मी याच्यावर अवलंबून राहत नाही.

त्याच दिवसासाठी हवामान खात्याचं मौसम ॲप पाहा, त्यात पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा येतो. नागपूरला रडार आहे, तिथल्या प्रादेशिक केंद्राकडून विदर्भाचे इशारे निघतात. रंग पिवळा असला तर लक्ष ठेवा, नारंगी असला तर तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. अडचण अशी की इशारा बहुतेक वेळा पूर्ण जिल्ह्याचा असतो, आन् आपला यवतमाळ जिल्हा केवढा मोठा, नेरला ऊन पडलेलं असते तेव्हा वणीला गारा पडू शकतात, गारांचा पट्टा तर कधी चार-दोन गावांपुरताच असतो. म्हणून लोकं दोनदा पिवळा पाहतात, काहीच होत नाही, आन् तिसऱ्यांदा पाहतच नाहीत. तसं करू नका बाप्पा, पिवळ्याला निदान कुटार (ढोराचा भुसा) झाकून ठेवायला काय जाते.

दामिनी हे ॲप फक्त विजेसाठी, गारा त्यात कळत नाहीत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलं आहे, तुमच्या भोवती २० आन् ४० किलोमीटरच्या गोलात वीज कुठे पडून राहिली ते दिसते. वावरात, मोहफुलं वेचायला, ढोरामागं जाणाऱ्या माणसासाठी मी हेच पहिलं म्हणेन, कारण पिकाचं नुकसान एकवेळ भरून निघते. फक्त लोकेशन आन् इंटरनेट चालू पाहिजे, आन् आमच्या धुऱ्यापलीकडं (बांधापलीकडं) रेंजच नाही. तिथं कानावर भरवसा ठेवा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा, तीस सेकंदाच्या आत आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात जा, झाडाखाली मुळीच नाही, आन् शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर निघू नका.

रेडिओ मला अजूनही लागतो. वादळ आलं की पहिले लाईन जाते, मग टॉवर, मग वायफायवाल्या घरातही सगळे आंधळे. सेलवरचा रेडिओ तेव्हाही बोलतो. आपल्या गावापुरतं तो सांगणार नाही, पण जिल्ह्याचं तर समजते.

गावचा व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यात जलद. पश्चिमेच्या गावातून कोणी "इकडे गारा सुरू" टाकलं की आम्हाला पंधरा-वीस मिनिटं तरी मिळतात, ते सोनं आहे. पण त्याच ग्रुपवर मागं एका वर्षी लाल इशाऱ्याचा फोटो आला, आम्ही रात्री कंदील लावून पूर्ण गंजी झाकली, सकाळी पाहिलं तर तारीख दोन वर्षं जुनी. पुढच्या आठवड्यात खरा इशारा आला तेव्हा माझ्या चुलत्यानं वाचलाच नाही, त्यांचा हरभरा गेला. तेव्हापासून मी तारीख पाहिल्याबिगर पुढं पाठवत नाही, कोणी पाठवलं तर ग्रुपवरच विचारतो, आज सकाळचं आहे का.

आता मामेभावाचं उत्तर. त्याच्या बाबांकडं बटनाचा फोन आहे, त्यात ॲप चालतच नाही. आपत्तीचे इशारे देणाऱ्या सरकारी सचेत यंत्रणेचे एसएमएस मात्र अशा फोनवरही येतात, फक्त बाबांना वाचता आले पाहिजेत आन् इनबॉक्स भरलेला नको. घरात स्मार्टफोन एकच असेल तर तो वावरात नेऊ नका, घरी ठेवा, दामिनी आन् मौसम त्यात टाका, आन् पाहायचं काम एका माणसाला द्या. आमच्याकडे ते काम वहिनीकडे आहे, दुपारी दोन वाजता एकदा पाहतात, ढग दिसला की परत पाहतात, आन् आमच्या बाबांना फोन लावून एवढंच म्हणतात, "मामाजी, बैल सोडा आन् घरी या."