शिराओई की निबुतानी? ऐनू लोकांसाठी एकच दिवस असेल तर

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या सहलीत तिथल्या मूलनिवासी ऐनू लोकांसाठी एकच दिवस निघत असेल, तर बहुतेकांची निवड या दोन गावांत अडते.

शिराओईला पोचणं सोपं. होक्काइदोचं मुख्य शहर सापोरो, तिथून एक्स्प्रेसने साधारण तासभर, स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. पोरोतो तळ्याकाठी २०२० साली उघडलेलं 'उपोपोय' हे राष्ट्रीय संग्रहालय आणि उद्यान आहे. मोठ्यांचं तिकीट १२०० येन. एरवी सोमवारी बंद असतं, आणि अनेकांचा दिवस इथेच फुकट जातो. दालनांची नावं 'आमची भाषा', 'आमचं जग', 'आमचा इतिहास' अशी आहेत. बोलणारे ऐनू स्वतः, आणि हेच मोलाचं. मात्र उद्यानातलं गाव नव्याने उभारलेलं आहे, तिथे कुणी राहत नाही. मुख्य आवारापासून वेगळी अशी एक स्मारकवास्तू आहे. संशोधनाच्या नावाखाली कबरी उकरून विद्यापीठांत नेलेले ऐनूंचे अवशेष तिथे ठेवले आहेत. ती चुकवू नका.

निबुतानी हे सारू नदीकाठचं नांदतं गाव. मुकावा स्टेशनापुढची हिदाका रेल्वे २०२१ मध्ये कायमची बंद झाली, त्यामुळे मोटारगाडी हवीच. न्यू चितोसे विमानतळापासून साधारण तासभर. बसच्या भरवशावर निघालात तर परतीची वेळ आधी पक्की करा.

धर्म समजून घ्यायचा असेल तर आमचं मत निबुतानीच्या बाजूने. इथल्या 'चिसे'त, म्हणजे गवताने शाकारलेल्या घरात, मधोमध चूल असते. चुलीतली अग्निदेवता अपे हुची माणसांचं म्हणणं इतर कामुयांपर्यंत, म्हणजे देवांपर्यंत, पोचवते. देवांचा हविर्भाग वाहून नेणारा अग्नी आपल्याला परका नाही, म्हणून हे चटकन उमगतं. प्रार्थनेच्या वेळी कोरीव लाकडी पट्टीचं, इकुपासुयचं, टोक साके या तांदळाच्या जपानी मद्यात बुडवून थेंब विस्तवावर सोडतात. शेजारी विलोच्या काठ्यांची साल काढून, लाकडाच्या कुरळ्या झिलप्या तशाच लोंबत्या ठेवलेले इनाऊ, म्हणजे देवांना वाहायच्या काठ्या, उभे असतात. दारासमोरच्या भिंतीतली खिडकी देवांची. तिच्यातून बाहेरून डोकावणं हा अपमान समजतात, आणि फोटोच्या नादात पाहुणे नेमकं तेच करतात.

गावालगतचं धरणही बघा. त्याखाली पूजेच्या जागा बुडाल्या. १९९७ मध्ये सापोरो जिल्हा न्यायालयाने भूसंपादन बेकायदा ठरवलं आणि ऐनूंना मूलनिवासी मानलं. धरण मात्र राहिलं. खटला लढणाऱ्यांपैकी कायानो शिगेरू हे जपानी संसदेतले पहिले ऐनू सदस्य. त्यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावातच आहे. जपानी संसदेने कायद्यात 'मूलनिवासी' हा शब्द घातला तो थेट २०१९ साली.

खरेदीही इथेच करा. झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांचं अत्तुश कापड आणि 'इता' हे कोरीव तबक, दोन्हींना २०१३ पासून सरकारी पारंपरिक हस्तकलेचा दर्जा आहे.

गाडी चालवायची नसेल किंवा बर्फाचे दिवस असतील, तर मात्र शिराओईलाच जा.