क्विक असिस्ट: फोनवरच्या सपोर्टला लागणारा डोळा

"काहीतरी एरर येऊन राहिला आहे."
"काय लिहिलंय त्यात?"
"ते तर बंद केलं न भाऊ."

नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाचा हिशेब अडलेला असताना असा फोन आला की अर्धा तास सहज जातो. समोरच्याच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्याला लांबून दाखवणारं विंडोजमधलं क्विक असिस्ट हे ॲप त्यावरचा चांगला, आणि फुकट, उपाय आहे.

कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबा, ते उघडतं. मायक्रोसॉफ्टचं खातं फक्त मदत करणाऱ्याला लागतं. तो एक कोड काढून सांगतो, समोरचा तो आपल्याकडे टाकतो. हा 6 अक्षरी कोड 10 मिनिटांत बाद होतो, म्हणून आधी समोरच्याकडे ॲप उघडून घ्या, मगच कोड काढा. फोनवर बीचा डी होतो. "बर्डीचा बी, धंतोलीचा डी" असं सांगितलं की चूक होत नाही.

खरी डोकेदुखी परवानगीच्या खिडकीची. सॉफ्टवेअर टाकताना ती आली की आपल्याकडचा पडदा काळा पडतो. कनेक्शन तुटलेलं नसतं. विंडोज ती खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवतं. 'होय' समोरच्यानेच दाबायचं. ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडे असेल आणि मालक बाहेरगावी, तर काम तिथेच थांबतं. तो माणूस जवळ आहे का, हे सुरुवातीलाच विचारा. रीस्टार्ट झालं तर पुन्हा नवा कोड. इंटरनेटच बंद असेल तर गाडी काढण्यावाचून इलाज नाही.

ग्राहकाला एक मात्र बजावून ठेवा: आपण स्वतः ज्याला फोन लावला, त्याचाच कोड टाकायचा. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" म्हणणारे ठग हेच ॲप उघडायला लावतात.