दृष्टिहीन मुलासाठी आधी काय घ्यावं: फोन, लॅपटॉप की ब्रेल डिस्प्ले?

मूल सातवी-आठवीत गेलं की हा प्रश्न घरात येतोच. तोवर शिक्षक तोंडी शिकवतात, आई संध्याकाळी धडे वाचून दाखवते, तोंडी परीक्षेत मार्कही बरे पडतात. मग पुस्तकं जाड होतात, बीजगणित वाचून दाखवणं आईला जमेनासं होतं आणि आता काहीतरी साधन घेऊन द्यायला हवं असं ठरतं. पैसे एकदाच काढता येणार असतात. दुकानदार एक सांगतो, नातेवाईक दुसरंच, आणि व्हॉट्सॲपवर कॅमेऱ्याच्या चष्म्याचा व्हिडिओ फिरत असतो.

विशेष शिक्षिका म्हणून मला हा प्रश्न पालक सतत विचारतात. माझं उत्तर एकाच कसोटीवर ठरतं. ज्या साधनावर मूल स्वतःच्या हातांनी लिहू शकेल आणि लिहिलेलं स्वतः तपासू शकेल, ते आधी घ्यावं. वाचून दाखवणारी साधनं आता बऱ्यापैकी स्वस्त झाली आहेत. अडतं ते लिहिण्यापाशी.

अल्पदृष्टी असलेल्या मुलांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. नजर स्थिर असेल तर मोठा ठसा, चांगला उजेड, विंडोजमधला मॅग्निफायर (विंडोज आणि अधिकचं बटण एकदम दाबलं की सुरू होतो) आणि काळ्यावर पांढरी अक्षरं एवढ्यावर बरंच काम होतं. पण रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या, नजर हळूहळू कमी होत जाणाऱ्या आजारात दिसतंय तोवरच स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) शिकवायला घ्या. थोडं दिसत असताना शिकणं सोपं जातं, आणि पुढे ऐन दहावी-बारावीत सगळं नव्याने सुरू करावं लागत नाही.

फोन

फोन बहुतेक घरांत असतोच, म्हणून सुरुवात त्याने होते आणि त्यात काही चूक नाही. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाचं स्क्रीन रीडर आधीच असतं. सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं की बोट जिथे टेकवाल तिथलं नाव ऐकू येतं, उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. गूगलच्या आवाजात मराठी आहे आणि तो कानाला सुसह्य आहे. गूगल लेन्स छापील मराठी पानाचा मजकूर ओळखते. फळ्यावरची सूचना, औषधाची बाटली, बसची पाटी, वर्गाच्या ग्रुपवर आलेला गृहपाठ, या सगळ्याला फोनसारखं साधन नाही. आयफोनमधलं व्हॉइसओव्हरही उत्तम आहे, पण त्या किमतीत लॅपटॉप येतो, तेव्हा शाळकरी मुलासाठी मी त्याचा विचार करत नाही.

फोन कमी पडतो तो लांब लिखाणात. काचेवर एकेक अक्षर शोधत निबंध लिहून पाहा, म्हणजे कळेल. बरीच मुलं मग बोलून टाइप करतात. ते झटपट होतं, पण शुद्धलेखन यंत्र करतं आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ फोनच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. डोळस मूल हे शब्द पानावर, पाट्यांवर हजारदा बघतं. नुसतं ऐकून शिकणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ भेटायची जागाच उरत नाही. दहावीपर्यंत पोचलेली, उत्तम बोलणारी, पण स्वतःचं आडनाव लिहिताना अडखळणारी मुलं मी पाहिली आहेत. हुशारीत ती कुठेच कमी नव्हती. कुणी त्यांच्या बोटांपर्यंत अक्षर पोचवलंच नव्हतं.

लॅपटॉप नसेल तोवर एक उपाय आहे. साधा ब्लूटूथ कीबोर्ड फोनला जोडा. टॉकबॅक त्याच्यासोबत नीट चालतं आणि मूल दहा बोटांनी लिहायला लागतं.

लॅपटॉप, आणि त्यात एनव्हीडीए की जॉज

लॅपटॉप घ्यायचा ठरला की पुढचा प्रश्न स्क्रीन रीडरचा. एनव्हीडीए फुकट आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. स्क्रीन रीडरसाठी अंध माणसाला संगणकाहून जास्त पैसे का मोजावे लागावेत, हा त्यामागचा प्रश्न होता. त्यात ईस्पीक हा आवाज सोबतच येतो आणि त्याला मराठी येतं. पहिल्यांदा ऐकलं की तो पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, घरच्यांना तर नकोसाच होतो. पण वेग दुप्पट-तिप्पट केला तरी शब्द तुटत नाहीत, म्हणून सरावलेली मुलं तोच ठेवतात. आवाज घरच्यांना आवडला नाही म्हणून साधन नाकारू नका, मुलाला ठरवू द्या.

जॉज त्याहून जुनं. डॉसच्या काळात, १९८९ मध्ये आलं. दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांनी ते सुरू केलं. ते दमदार आहे. बँकेतल्या किंवा कार्यालयातल्या किचकट प्रणालींशी जुळवून घेण्यात त्याचा हात धरणारं फारसं कुणी नाही. पण परवाना महाग आहे. विकत न घेता चालवलं तर ४० मिनिटांनी थांबतं आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. शाळेतल्या मुलाला वर्ड, ब्राउझर आणि ईमेल एवढं पुरतं आणि ते एनव्हीडीएवर छान होतं. जॉजवर आज खर्च करू नये असं मी स्पष्ट सांगते. नोकरीत लागलं तर तेव्हा बघता येईल, एकावरून दुसऱ्यावर जाणं अवघड नसतं.

एनव्हीडीएची आणखी एक सोय पालकांना सहसा कुणी सांगत नाही. ते पेनड्राइव्हवर घालून नेता येतं. शाळेच्या संगणक कक्षातल्या यंत्रावर काही न बसवता पेनड्राइव्ह लावायचा, चालू करायचं, तास संपला की काढायचा. म्हणजे लॅपटॉप घ्यायच्या आधी महिना-दोन महिने मुलाला कितपत जमतंय ते बघता येतं.

टायपिंगबद्दल जरा सविस्तर, कारण घोळ इथेच होतो. बहुतेक जण मुलाला इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायला शिकवतात. ‘shala’ लिहिलं की खाली ‘शाला’, ‘शाळा’ असे पर्याय येतात आणि डोळ्यांनी बघून हवा तो निवडायचा असतो. अंध मुलाला दर शब्दाला ती यादी ऐकावी लागते. त्यापेक्षा इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कीबोर्ड मांडणी शिकवा. विंडोजमध्ये ती फुकट असते आणि तिथे एका खुणेला एकच कळ असते. ‘शाळा’ लिहायला शिफ्ट आणि एम, मग ई, मग शिफ्ट आणि एन, पुन्हा ई. झालं. ऱ्हस्व वेलांटीला एफ, दीर्घ वेलांटीला आर. दोन वेलांट्या दोन वेगळ्या कळांवर बसतात आणि शुद्धलेखन तिथून शिकवता येतं. एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतातच, बोटं तिथून आपापली जागा धरतात.

ब्रेल

ब्रेल आता जुनं झालं, फोन बोलतो तर ते कशाला, हे वाक्य मला मनापासून टोचतं. अक्षर, विरामचिन्ह, परिच्छेद, गणितातला कंस, हे सगळं हाताला लागतं ते ब्रेलमध्येच. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल आहे. त्यात ‘शाळा’ चार घरांत (घर म्हणजे टिंबांचा एक गट) लिहितात: श, आ, ळ, आ. म्हणजे आधी व्यंजन, मग स्वर, इनस्क्रिप्टवर बोटं चालतात त्याच क्रमाने. ऱ्हस्व वेलांटीसुद्धा दोन्हीकडे व्यंजनाच्या नंतरच येते. त्यामुळे ब्रेल पक्कं असलेलं मूल कीबोर्ड लवकर उचलतं. जोडाक्षरात मात्र जपावं लागतं: पाय मोडल्याची खूण ब्रेलमध्ये व्यंजनाच्या आधी येते, कीबोर्डवर नंतर. सुरुवातीला मुलं हमखास इथे गडबडतात.

प्रश्न आहे तो ब्रेल डिस्प्ले विकत घ्यावा का हा. टिंबं आपोआप वरखाली होऊन ओळ बोटाखाली उमटवणारी ही यंत्रं. ऑर्बिट रीडर २० मध्ये २० घरं असतात, मेमरी कार्डवर पुस्तकं घातली की ते इंटरनेटशिवाय एकटंच चालतं, वर लिहायच्या कळा असतात, फोनला आणि संगणकालाही जोडता येतं. आयआयटी दिल्लीत विकसित झालेलं डॉटबुक २०१९ मध्ये आलं, ते २० आणि ४० घरांत आहे. चाळीस घरांचे परदेशी डिस्प्ले लाखाच्या पुढे जातात. वीस घरांत मराठीचे तीन-चार शब्द मावतात, म्हणजे सारखं पुढे-पुढे दाबत राहावं लागतं. धूळ आणि घामट हात टिंबांना सोसत नाहीत, आणि दुरुस्ती गावात होत नाही.

माझा सल्ला असा: मुलाला ब्रेल सफाईने येत असेल आणि लॅपटॉपची सोय झालेली असेल, तर डिस्प्ले ही दुसरी खरेदी असावी. ब्रेलच येत नसेल तर यंत्र आणून काही होणार नाही. आधी हाताने ब्रेल लिहायची पाटी-स्टायलस आणि शिकवणारं माणूस शोधा. मूल ऐकण्यातही कमी असेल तर मात्र हा क्रम पूर्ण उलटा. तिथे ब्रेल डिस्प्ले पहिला, बाकी सगळं नंतर.

गणिताला यातलं कुठलंच साधन एकटं पुरत नाही. समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर प्रत्येक स्क्रीन रीडर गप्प बसतो. वर्डच्या समीकरणाच्या सोयीने लिहिलेलं असेल तर वाचता येतं, आणि हे शिक्षकांना सांगावं लागतं. आकडेमोडीला अंधशाळेतली टेलर फ्रेम अजूनही उपयोगाची आहे: आठ कोनांची भोकं, त्यात खुंटी ज्या दिशेला वळवाल तसा आकडा बदलतो. भूमितीला उठावाच्या आकृत्या लागतात.

पुस्तकं कुठून

कुठलंही साधन घ्या, मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसेल तर ते मुकंच राहतं. मराठीत हा त्रास फार आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोट्सची फाइल डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो: ‘एल, तिरपी रेघ, के, डॉलर’. साधन खराब आहे असं समजून पालक ते परत करायला निघतात. शिक्षकांना एवढंच सांगा की मंगल किंवा कुठल्याही युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून द्या. जुन्या फाइलींसाठी फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. स्कॅन केलेली पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली तर मराठी मजकूर बऱ्यापैकी बाहेर येतो, जोडाक्षरं तेवढी तपासावी लागतात.

तयार पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. तिथली पुस्तकं फोन, लॅपटॉप आणि ब्रेल डिस्प्ले तिन्हींवर वापरता येतात. आवडीचं पुस्तक तिथे नसेल तर ते वाचता येईल अशा रूपात करून घेणं कायदेशीर आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी मुभा आहे. प्रकाशक रागावेल म्हणून शाळांनी घाबरायचं कारण नाही.

परीक्षा आणि पैसे

लेखनिक घेऊन परीक्षा देणं सवयीचं आहे, पण केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रेल, संगणक, मोठा ठसा यांतून निवडीची मुभा शक्य तिथे द्यावी असं म्हटलं आहे, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळही. संगणकावर पेपर लिहायचा असेल तर शाळेशी वर्षाच्या सुरुवातीला बोला, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पेपरच्या आदल्या आठवड्यात विचारलं तर ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हेच ऐकावं लागतं. आणि मुलाला लॅपटॉपवर वेळ लावून लिहायचा सराव सहामाहीपासून हवा, नाहीतर लेखनिकच बरा.

खिशात हात घालण्याआधी कायदा बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहायक साधनं मोफत मिळायला हवीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, त्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. समग्र शिक्षा योजनेखाली गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, मागणी तिथे नोंदवा. केंद्राच्या एडिप या साधनं देणाऱ्या योजनेतून अलिम्कोची (साधनं बनवणारी सरकारी कंपनी) शिबिरं होतात, योजनेला उत्पन्नाची अट आहे. शिबिरात मिळेल ते घेऊन येऊ नका. मुलाकडे आधीच फोन असेल तर ब्रेलचं साहित्य मिळेल का ते विचारा.

विकत घेणार असाल तर मुलाला सोबत नेऊन आधी हाताळू द्या. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आणि वरळीची नॅब ही अंधांसाठीची संस्था, पुण्यात निवांत अंध मुक्त विकासालय आणि कोरेगाव पार्क, कोथरूडच्या अंधशाळा, इथे ही साधनं रोज वापरणारी माणसं भेटतात. त्यांना मुलासमोरच विचारा की शिकायला किती दिवस लागले, बिघडल्यावर कुठे पाठवलं आणि शिकवलं कुणी. लॅपटॉप निवडताना पडद्याचा आकार आणि ग्राफिक्स कार्ड सोडून द्या. कळा स्पष्ट वेगळ्या लागतात का, इन्सर्टची कळ (एनव्हीडीएच्या आज्ञांना ती लागते) सहज सापडते का, बॅटरी शाळेच्या वेळाला पुरते का, एवढं मुलाच्या बोटांनी तपासून घ्या. सोबत एका कानाचा हेडफोन घ्या, म्हणजे दुसऱ्या कानाने बाई काय सांगताहेत तेही ऐकू येईल.